पडतानाच दिसणारा किल्ला : धारूरच्या इतिहासाचे एक वाचन

मराठी वाचकाच्या मनात 'किल्ला' हा शब्द उच्चारताच सह्याद्री उभा राहतो. राजगड, रायगड, प्रतापगड, सिंहगड ही केवळ स्थळांची नावे नाहीत. आपल्या कादंबरीने, पोवाड्याने, शालेय पाठ्यपुस्तकाने आणि गो. नी. दांडेकरांपासून पुढे बहरलेल्या दुर्गसाहित्याने त्यांना अर्थ दिला आहे. मराठवाड्यातील किल्ल्यांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले. दौलताबाद सोडला तर परांडा, औसा, उदगीर, कंधार, नळदुर्ग, धारूर ही नावे साहित्याच्या विद्यार्थ्याला कोणत्याही कथेची आठवण करून देत नाहीत. अंतर वा दळणवळण हे याचे कारण नव्हे. किल्ल्याची गोष्ट सांगण्याचे जे व्याकरण आपण घडवले, त्यात 'आपला' आणि 'त्यांचा' असे दोनच पुरुष आहेत. बीड जिल्ह्यातील धारूर या दोहोंपैकी एकातही बसत नाही. म्हणूनच त्याचा इतिहास वाचणे हा इतिहासलेखनाकडे पाहण्याचाही एक धडा ठरतो.

प्रथम जागा समजून घेतली पाहिजे. गोदावरीचे खोरे आणि मांजरेचे खोरे यांना बालाघाटची रांग विभागते. माजलगावकडून, म्हणजे गोदावरीच्या सपाटीवरून, घाट चढून वर आले की पठाराच्या काठावर धारूर लागते. किल्ला एका डोंगरसोंडेवर आहे. भोवताली खोल दऱ्या. पठाराशी जोडलेल्या बाजूला मात्र निसर्गाने काहीच संरक्षण दिलेले नाही, म्हणून तिथे खंदक खोदला आहे. आज या डोंगरांची ओळख सीताफळांमुळे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात ती वेगळी होती. अहमदनगर, विजापूर आणि पुढे मोगल, यांच्या सत्ता जिथे एकमेकींना टेकत होत्या आणि घासत होत्या, त्या पट्ट्यातील हे एक ठाणे होते.

'ठाणे' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत ठाणे 'बसते' आणि ठाणे 'उठते'. या क्रियापदांत लष्करी चौकीची सारी वस्तुस्थिती आहे. धारूर ही कुणाची राजधानी नव्हती. तिथे कुणाचा राज्याभिषेक झाला नाही. थोडी शिबंदी, दारूगोळा, धान्य आणि पाणी एवढ्या भांडवलावर आसपासच्या परगण्यांचा महसूल कुणाकडे जाणार हे ठरवणे, हे अशा ठाण्याचे काम. तोफ शत्रूकडे रोखलेली असली तरी तिची सावली रयतेवर पडलेली असते. सीमा आधी असते आणि तिच्या रक्षणासाठी ठाणे येते, असे आपण समजतो. धारूरच्या बाबतीत उलट घडले. ठाणे आधी आले आणि त्याने सीमा निर्माण केली.

हे घडले 1567 मध्ये. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1565 मध्ये, दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला होता. या मैत्रीला सोयरिकीचाही आधार होता : अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी ही विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली होती. परंतु 1565 मध्येच हुसेन मरण पावला, मुर्तझा हा अल्पवयीन पुत्र गादीवर आला आणि कारभार त्याची आई खुंजा हुमायून हिच्या हाती गेला. शेजारचे घर दुबळे झाले की बांध सरकवावा, हा न्याय राजकारणातही चालतो. अली आदिलशहाने आपला सरदार किश्वरखान लारी याला निजामशाही मुलखात पाठवले. त्याने धारूरचा किल्ला बांधला. भविष्यात अहमदनगरचा तट लढवून अजरामर होणाऱ्या चांदबिबीच्या पतीने तिच्या भावाच्या मुलखात घातलेले हे पाचर होते. 'त्यांचा' आणि 'आपला' ही विभागणी येथे एका घराच्या आतच पडलेली दिसते.

1569 च्या सुमारास मुर्तझाने आईच्या हातून सत्ता काढून घेतली आणि तो स्वतः धारूरवर चालून आला. हा प्रसंग इतिहासकार फिरिश्ता याने सांगितला आहे. किश्वरखानाचे एक उद्धट पत्र तरुण सुलतानाच्या हाती पडले. संतापून त्याने, किल्ल्यात शिरेपर्यंत घोड्यावरून उतरणार नाही, अशी प्रतिज्ञा केली आणि थेट दरवाजावर चाल केली. तटावरून गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. लोक पडत होते, घोडे पडत होते. आणि एकाएकी मारा थांबला. आत जाऊन पाहतात तो किल्ला रिकामा. किश्वरखान बाण लागून मरून पडलेला आणि शिबंदी दुसऱ्या बाजूने पळालेली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या कथनाचा घाट तत्काळ ओळखू येईल. अपमान, प्रतिज्ञा, अग्निवर्षाव, अकस्मात शांतता आणि धनुर्धर न दाखवता नेमका लागलेला बाण. निवेदक आपल्याला बाहेर, हल्ला करणाऱ्याच्या सोबत उभे करतो. आत काय घडले हे आपल्याला नंतर, प्रेतावरून कळते. फिरिश्ता पुढे याच मुर्तझाच्या पदरी राहिला आणि 1589 च्या सुमारास विजापुरास गेला. ग्रंथ त्याने तेथे, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाने लिहिला. म्हणजे ज्याने किल्ला जिंकला त्याचे मीठ आणि ज्यांनी गमावला त्यांचेही मीठ या लेखणीने खाल्ले होते. दैवी वाटावा असा तो बाण दोन्ही घरांची अब्रू राखतो. मुर्तझाचा पराक्रम शाबूत राहतो आणि विजापूरच्या सरदाराचा पराभवही लढून नव्हे तर नशिबाने झाला असे ठरते.

तरीही या कथेत एक कठोर सत्य अडकून राहिले आहे. एक माणूस पडला आणि किल्ला रिकामा झाला. दूरच्या ठाण्यावरील शिबंदीचे नाते राज्याशी कमी आणि सरदाराशी अधिक असे. पगार त्याच्या हातून, हमी त्याच्या तोंडची. तो गेल्यावर दगडी तटाला राखण्याचे कारणच उरत नाही. दुर्गम ठाण्याचा खरा कच्चा दुवा खंदकात नसतो. तो राजधानी आणि ठाणे यांच्यामधील लांब वाटेवर असतो.

दुसरे दर्शन 1631 चे. मोगल सरदार खानजहान लोदी 1629 मध्ये बंड करून निजामशहाच्या आश्रयाला आला, आणि त्याचा पाठलाग करण्याच्या निमित्ताने शहाजहानच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या. स्वतः बादशहा बऱ्हाणपुरास येऊन राहिला. बीडचा परिसर या मोहिमेची रणभूमी झाला. निजामशाही फौजेच्या मागावर असलेला आजमखान जानेवारी 1631 मध्ये धारूरपाशी आला. हा प्रसंग अब्दुल हमीद लाहोरीच्या 'बादशहानामा'त आहे. किल्ल्याच्या बळकटीचे वर्णन करताना दरबारी इतिहासकार हात आखडता घेत नाही, कारण किल्ला जितका बळकट तितका विजय मोठा. वेढ्याचे तपशील मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. मोगलांचा पहिला घाला तटावर नव्हे, तर बाहेरच्या पेठेवर पडला. पेठ लुटली गेली. तिच्या आडोशाने सैन्य खंदकापर्यंत पोचले. पुढे तटातील बुजवलेला एक दरवाजा हेरून किल्ला घेण्यात आला. किल्लेदार सिद्दी सालिम कैद झाला. आत आश्रयाला असलेल्या सरदारांची कुटुंबेही हाती लागली, आणि त्यांत इतबारराव नावाच्या सरदाराचे कुटुंब होते.

ही माणसे क्षणभर एकत्र पाहावीत. किल्ला बांधणारा इराणातील लार प्रांताकडचा. तो राखणारा हबशी. आतल्या कुटुंबांत एका 'रावा'चे कुटुंब. चालून येणारी फौज उत्तरेची. धारूरच्या त्या तटाआड 'आपण' कोण आणि 'ते' कोण? सतराव्या शतकातील दख्खनला हा प्रश्नच कळला नसता. तिथे निष्ठा होत्या, त्या बदलतही होत्या. पण आपण एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आखलेल्या रेषांवरून त्या चालत नव्हत्या.

आणि या वेढ्यावर एक मोठी छाया आहे, तिला वगळून ही लढाई वाचणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1630 मध्ये पाऊस झाला नाही. गुजरात आणि दख्खन यांवर 1630 ते 1632 या काळात जो दुष्काळ कोसळला, तो भारताच्या इतिहासातील भीषण दुष्काळांपैकी एक. खुद्द लाहोरीनेही त्याचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले आहे. धारूर पडले ते या पहिल्या हिवाळ्यात. विजयाने उत्साहित झालेला आजमखान तेथून परांड्यावर गेला. परंतु जनावरांना चारा मिळेना म्हणून त्याला तो वेढा उठवावा लागला. बादशाही तोफांना जे थोपवता आले नाही, ते उजाड माळाने थोपवले. पेठेत जे धान्य साठले असेल, ते त्या वर्षी सोन्याहून मौल्यवान असणार. तिच्या लुटीचा अर्थ या पार्श्वभूमीवर पाहिला की बदलतो. ग्रंथात ती लूट विजयाच्या वाटेवरील एक पायरी म्हणून येते. पेठेतल्या माणसाला तो शेवट होता. त्याच वर्षी जूनमध्ये बऱ्हाणपुरास मुमताजमहल मरण पावली. तिच्या स्मरणार्थ जे उभे राहिले ते जगाला ठाऊक आहे. धारूरच्या पेठेचे स्मारक म्हणजे दरबारी ग्रंथातील ते एवढेसे वाक्य.

जिंकल्यावर धारूरचे नाव फतेहाबाद ठेवण्यात आले. विजेता प्रथम नावावर हात घालतो, ही सर्वत्र दिसणारी रीत आहे. परंतु 'विजयाचे शहर' हे नाव दफ्तरातच राहिले. लोक धारूर म्हणत राहिले, आणि आज तालुक्याचे ठिकाण असलेल्या या गावाला 'किल्ले धारूर' असेच म्हणतात. राज्यकर्त्यांच्या शब्दापेक्षा बोलीचे आयुष्य अधिक असते, याचा हा साधा पुरावा.

तिसरे दर्शन विलक्षण आहे, कारण त्यात धारूरवर लढाईच होत नाही. 1724 नंतर दख्खनच्या सुभ्यावर निजाम स्थिरावला आणि हा मुलूख त्याच्याकडे गेला. 1760 च्या आरंभी उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी सलाबतजंग आणि निजामअली यांच्या फौजेला कोंडीत पकडले. निजामाची आणखी फौज धारूरला होती. तिला जाऊन मिळावे, म्हणून हे सैन्य तोफखान्याच्या आडोशाने त्या दिशेने सरकू लागले. मराठ्यांनी त्यांना वाटेतच, औशाच्या परिसरात, 3 फेब्रुवारीला गाठले आणि मोडून काढले. साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर यांसारखी बलाढ्य ठिकाणे पेशव्यांना मिळाली. या युद्धाची दिशा धारूरने ठरवली. मात्र येथे ते केवळ न गाठता आलेला आसरा आहे. तीन वर्षांनी, 10 ऑगस्ट 1763 रोजी, याच जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवनला पुन्हा लढाई झाली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. उदगीरला मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता. राक्षसभुवनला निजामाच्या बाजूने मेला तो विठ्ठल सुंदर. ही दोन नावे शेजारी ठेवली तरी 'आपला-त्यांचा' हे व्याकरण किती तोकडे आहे ते कळते.

या तिन्ही दर्शनांत एक समान सूत्र आहे. फिरिश्ता, लाहोरी किंवा पेशवेकालीन पत्रे लिहिणारे कारकून, सारेच धारूरकडे बाहेरून पाहतात. किल्ला दिसतो तो कुणी चालून येते तेव्हा, पडतो तेव्हा, किंवा कुणाला तिथे पोचायचे असते तेव्हा. मधली दीर्घ वर्षे, जेव्हा काहीच घडत नाही, हीच वास्तविक ठाण्याची मूळ अवस्था होय. पहारा बदलणे, तलावातील पाण्याचा अंदाज घेणे, थकलेल्या पगाराची वाट पाहणे, खालच्या घाटात धूळ उठली तर ती गुरांची की घोड्यांची हे ओळखणे, या गोष्टींना घटनाप्रधान इतिहासात स्थान नसते. वाट पाहण्याचा इतिहास लिहायचा तर तो ललित साहित्यालाच लिहावा लागेल, आणि मराठी साहित्याने मराठवाड्याच्या किल्ल्यांपुरता तो अजून मनापासून हाती घेतलेला नाही.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानातून मुक्त झालेला हा प्रदेश 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. राजकीय एकीकरण एका दिवसात होऊ शकते. स्मृतींचे एकीकरण असे होत नाही. सह्याद्रीच्या किल्ल्यांची भव्य कथा आपण मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि शिकवलीच पाहिजे. परंतु वर्गात बसलेल्या मुलाच्या गावाजवळचा तट त्या कथेत बसत नाही म्हणून तो मुका ठरावा काय? धारूरला ओढूनताणून 'आपले' करण्याची आवश्यकता नाही. लारचा सरदार, हबशी किल्लेदार, इतबाररावाचे कैद झालेले कुटुंब आणि दुष्काळात लुटली गेलेली पेठ, या सर्वांना एकाच कथेत जागा देता येईल असे व्याकरण आपल्याला घडवता येते का, हा खरा प्रश्न आहे. ते घडेपर्यंत बालाघाटच्या काठावरचा हा किल्ला जिंकणाऱ्यांच्याच शब्दांत वाचावा लागेल. निदान तो त्यांचे शब्द तपासत वाचावा.