दिनविशेष : २४ सप्टेंबर
ब्राँटी घराण्यातला मुलगा

‘जेन एअर’ आणि ‘वदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या ब्राँटी भगिनींना एक भाऊ होता. त्याचं नाव ब्रॅनवेल. १८४८ साली आजच्या दिवशी यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी तो वारला, तेव्हा जेमतेम ३१ वर्षांचा होता.

चौथ्या वर्षी आई गेली. सातव्या वर्षी, १८२५ मध्ये, मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोन बहिणी अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने क्षयाने गेल्या. एकुलता एक मुलगा म्हणून घराच्या सगळ्या आशा त्याच्यावर. चित्रकार होणं जमलं नाही. रेल्वे स्टेशनावरची नोकरी हिशेबातल्या तुटीपायी १८४२ मध्ये सुटली. पुढे एका श्रीमंत घरची शिकवणीही गेली. मालकिणीशी प्रेमसंबंध, असं कारण तो सांगे. खरंखोटं अजून चरित्रकारांच्या वादात आहे. त्यानंतर दारू आणि लॉडॅनम, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू. ती तेव्हा औषधाच्या दुकानात सहज मिळे.

नुसता वाया गेलेला भाऊ म्हणून त्याला निकालात काढणं मात्र अन्यायाचं आहे. बहिणींच्या कविता पुस्तकरूपात येण्याआधी, १८४१ पासूनच, त्याच्या कविता ‘हॅलिफॅक्स गार्डियन’मध्ये छापून येत होत्या. लहानपणी बहीण शार्लटसोबत काल्पनिक अँग्रिया राज्य रचणाराही तोच.

बहिणींच्या कादंबऱ्या १८४७ मध्ये टोपणनावांनी प्रसिद्ध झाल्या. शार्लटच्या म्हणण्यानुसार, त्याला याचा शेवटपर्यंत पत्ता नव्हता. त्याच्यामागोमाग डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात अ‍ॅन, या दोघी बहिणीही क्षयानेच गेल्या.