शिक्का त्यांचा, अर्ज आपला

"तुमच्या मुलाची तपासणी करून घ्या," असे शाळेने म्हटले की आपल्या घरांत धसका बसतो. पोराला मतिमंद ठरवतील, शाळेतून काढतील, अशी भीती वाटते. ही भीती अडाणीपणातून आलेली नाही, तिला इतिहास आहे. त्यासाठी इंग्लंडचे उदाहरण नीट समजून घेतले पाहिजे. तिथे तपासणीने आधी गरिबांची आणि काळ्यांची पोरे बाजूला काढली. पुढे तीच तपासणी लेखी अर्ज करून मागणे हा पालकांचा कायदेशीर हक्क झाला.

बुद्धिमापनाची चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी तयार केली. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल ते कळावे, हा तिचा हेतू होता. बुद्धी बदलत नाही, हे बिनेला मान्य नव्हते. पण इंग्लंडमध्ये सिरिल बर्टसारख्या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धी प्रामुख्याने वंशपरंपरेने येते हा सिद्धांत रुजवला. जन्मावरून लायकी ठरवणे आपल्याला नवे आहे काय? आपल्याकडे पोथी होती, तिथे आकडा होता, एवढाच फरक.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर मुलांचे वर्ग पाडले गेले. त्यातला एक वर्ग 'एज्युकेशनली सबनॉर्मल', म्हणजे ईएसएन. त्यांच्या शाळा वेगळ्या. पुढे कॅरिबियन बेटांतून कामगार कुटुंबे आली आणि त्यांची मुले या शाळांत भराभर ढकलली गेली. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाच्याच १९६७ च्या आकड्यांनुसार साध्या शाळांत स्थलांतरितांची मुले १५ टक्के होती, ईएसएन शाळांत २८ टक्के. 'स्पेशल' शाळा म्हणजे काहीतरी चांगली शाळा, असे समजून अनेक आईबापांनी होकार दिला होता!

ग्रेनाडाहून आलेले बर्नार्ड कोर्ड या मुलांना शिकवत. १९७१ साली त्यांनी पुस्तिका लिहून हा प्रकार उघड केला. चाचणीची भाषा आणि संस्कृती गोऱ्या मध्यमवर्गाची, शिक्षकांच्या मनात पूर्वग्रह, आणि दोष मात्र मुलाच्या डोक्याचा, असे त्यांचे म्हणणे होते. काळ्या पालकांनी संघटना बांधल्या, शनिवारच्या शाळा चालवल्या, अधिकाऱ्यांना जाब विचारला.

१९७८ साली मेरी वॉर्नॉक समितीचा अहवाल आला. मुलांचे वर्ग पाडण्याऐवजी प्रत्येकाची 'विशेष शैक्षणिक गरज' पाहा, असे त्याने सांगितले. १९८१ च्या कायद्याने पालकांना तपासणी मागण्याचा हक्क दिला. १९९३ च्या कायद्याने नकाराविरुद्ध दाद मागायला न्यायाधिकरण दिले. २०१४ च्या 'चिल्ड्रेन अँड फॅमिलीज' कायद्याच्या कलम ३६ मध्ये हा हक्क आणखी स्पष्ट झाला.

हा अर्ज कसा करायचा? पत्र शाळेला नव्हे, स्थानिक प्राधिकरणाला लिहायचे. शाळेची संमती लागत नाही, डॉक्टरचे निदान सक्तीचे नाही, फी नाही. मुलाला विशेष शैक्षणिक गरज आहे किंवा असू शकते आणि त्यासाठी कायदेशीर आराखड्यातून मदत द्यावी लागू शकते, एवढे दाखवायचे. सोबत वह्या, शाळेचे अहवाल, डॉक्टरची पत्रे जोडायची. प्राधिकरणाने सहा आठवड्यांत उत्तर द्यायचे. नकार दिला तर कारणे द्यायची आणि अपिलाचा हक्कही कळवायचा. होकार दिला तर मानसशास्त्रज्ञाचे, शाळेचे आणि पालकांचे म्हणणे घ्यायचे. आराखडा मंजूर झाल्यास तो अर्जापासून २० आठवड्यांत हाती पडला पाहिजे. त्यात लिहिलेली शैक्षणिक मदत देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे.

काही जण म्हणतील, तिथेही विलंब होतो, नकार मिळतात. खरे आहे. शिकलेल्या, पैसेवाल्या पालकांना लढणे सोपे जाते, हेही खरे. पण न्यायाधिकरणाचे निकाल बहुतांशी पालकांच्या बाजूने लागतात. म्हणजे नकार अनेकदा चुकीचा होता, हे कायद्यामुळेच सिद्ध होते.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता येते. ती लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत, असे कलम १६ सांगते. पण पालकाने मागणी केल्यावर किती आठवड्यांत उत्तर द्यायचे, हे त्या कलमात नाही. कलम ३१ मधील मोफत शिक्षणाचा हक्क ४० टक्के दिव्यांगत्वाला जोडलेला आहे. इथे पुन्हा आकडा आला! मुलाला वर्गात काय मदत लागते, हे टक्केवारी कशी सांगणार?

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी एका महार मुलाने अर्ज केला होता. न्याय त्याच्या बाजूने आहे हे मुंबई सरकारने मान्य केले, आणि तरी प्रवेश नाकारला. बाबासाहेबांनी ही घटना पुढे सरकारपुढे नोंदवली. तो अर्ज कागदावर होता म्हणूनच नोंदवता आली. तेव्हा बांधवांनो, मूल वाचनात, गणितात अडत असेल तर "ढ आहे" म्हणून गप्प बसू नका. मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी यांना तपासणीची मागणी लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. आणि ठरावीक मुदतीत उत्तर व नकाराविरुद्ध अपील, हे आपल्या कायद्यात यावे अशी मागणी संघटितपणे करा.

जय भीम!