धर्मादायापासून हक्कापर्यंत : भुकेच्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

दारिद्र्य हा मानवी समाजाला जडलेला फार जुना रोग आहे आणि त्यावरील उपाय म्हणून दानाची परंपराही तितकीच जुनी आहे. अन्नछत्रे, पाणपोया, धर्मशाळा आणि पांजरपोळ यांच्या रूपाने भारतातील व्यापारी समाजाने ही परंपरा शतकानुशतके जोपासली. विसाव्या शतकात मात्र या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी जगाला लाभली. उपाशी माणसाच्या पानात पडणारे अन्न हा त्याच्यावर केलेला उपकार आहे की तो त्याचा हक्क आहे? आणि हक्क असेल, तर तो पुरा करण्याचे ऋण कोणाच्या शिरावर आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याच्या कामी महाराष्ट्राच्या भूमीने मोलाचा वाटा उचलला आहे. त्या वाटचालीचा हा संक्षिप्त मागोवा आहे.

जगडूशाहाची कोठारे

जैन समाजाला जगडूशाहाचे नाव अपरिचित नाही. कच्छमधील भद्रेश्वरचा हा श्रेष्ठी तेराव्या शतकात होऊन गेला. विक्रम संवत १३१३ ते १३१५ या तीन वर्षांत पडलेल्या भीषण दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे खुली केली, असे सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरित’ या काव्यात वर्णिले आहे. अणहिलवाड पाटणचा राजा वीसलदेव याच्याप्रमाणेच सिंध, माळवा, दिल्ली आणि काशी येथील राज्यकर्त्यांनाही त्याने धान्य पुरविले, असे हे चरित्र सांगते.

या चरित्रातील एक प्रसंग विशेष चिंतनीय आहे. वीसलदेवाने धान्याची मागणी केली, तेव्हा या कोठारांत आपल्या मालकीचा एक कणही नाही, असे जगडूने सांगितले. खात्री करून घेण्यासाठी कोठारातील ताम्रपट पाहण्याची विनंतीही त्याने केली. हे धान्य गोरगरिबांसाठी राखून ठेवले आहे, असा मजकूर त्या ताम्रपटावर आढळला. चरित्रकाव्यात अतिशयोक्तीचा भाग असणारच. परंतु या कथेमागील विचार फार पुढचा आहे. देणाऱ्याच्या मनात दया उपजण्यापूर्वीच ते धान्य घेणाऱ्याच्या नावे लिहिलेले होते. दान आणि हक्क यांच्या सीमारेषेवर उभी असलेली ही कथा आहे.

तरीही त्या व्यवस्थेची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. जेथे जगडूशाहा होता तेथे लोक तगले; जेथे तो नव्हता तेथे काय झाले असेल, याची केवळ कल्पनाच केलेली बरी. उदार पुरुषाचा जन्म ही दैवाची गोष्ट आहे. कोट्यवधी जीवांचे जगणे दैवावर सोपविता येत नाही.

एक रत्तल धान्य

इसवी सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात महादुष्काळ पडला. या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु खर्च आवरण्यासाठी पाठविलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी कष्ट करणाऱ्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी १८७७ च्या प्रारंभी या कपातीविरुद्ध कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारकडे निवेदने धाडली. धनकवडी येथे सत्यशोधक समाजाने दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविला.

उपाशी मजुरांनी मजुरीचे माप नाकारावे, ही घटना इतिहासात लहानशी वाटेल. तिचा अर्थ मात्र मोठा आहे. मिळते आहे ते कृपा म्हणून स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला होता. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल सादर केला आणि दुष्काळात कामाच्या रूपाने मदत देणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे मान्य केले. त्यातूनच दुष्काळ संहिता जन्मास आली. कर्तव्य कागदावर आले. पण त्यावर दावा सांगण्याचा अधिकार प्रजेला मिळाला नाही.

याच सुमारास दादाभाई नौरोजी यांनी दारिद्र्याचा प्रश्न आकड्यांच्या भाषेत मांडला. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी अवघे वीस रुपये असल्याचे त्यांनी गणिताने दाखविले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकारचा होणारा खर्च याहून अधिक होता. गरिबी ही नशिबाची वा आळसाची फलश्रुती आहे, हा समज या तुलनेने मोडीत निघाला. ती माणसांनी रचलेल्या व्यवस्थेतून निर्माण होते आणि ती व्यवस्था सातासमुद्रांपलीकडेही पसरलेली असू शकते, हे जगाला प्रथम ठासून सांगणाऱ्यांत दादाभाईंचे स्थान अग्रभागी आहे.

जाहीरनाम्यातील वचन

दुसऱ्या महायुद्धाच्या संहारानंतर १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा स्वीकारला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, आठ तटस्थ राहिली, विरोधात कोणीही नव्हते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे पहिल्या कलमातील शब्दयोजना बदलली आणि ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द आले.

या जाहीरनाम्याचे २५ वे कलम अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसह पुरेशा जीवनमानाचा हक्क प्रत्येकास देते. २८ वे कलम त्याहून एक पाऊल पुढे जाते. हे हक्क ज्या सामाजिक व आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत प्रत्यक्षात येऊ शकतील, तशा व्यवस्थेवरही प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे ते सांगते. याचा अर्थ उघड आहे. एका देशातील भूक ही केवळ त्या देशाची खाजगी बाब उरत नाही.

परंतु वचन दिले, म्हणून ते पाळले जातेच असे नाही. भारतीय संविधानाच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आला, तोही मार्गदर्शक तत्त्वांत. त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. हक्क होता, परंतु तो कोणाकडे मागावयाचा आणि त्याचा खर्च कोणी उचलावयाचा, हे कोठेही लिहिलेले नव्हते.

विसापूर ते विधान भवन

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात सुरू झाला. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे गांधीविचारांचे निष्ठावंत अनुयायी होते. जो कष्ट करण्यास तयार आहे त्याला काम मिळालेच पाहिजे, हा विचार घेऊन १९६५ साली विसापूर परिसरात प्रयोग करण्यात आला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा त्यास पाठिंबा लाभला.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. तो सोसलेल्या पिढीला खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांचे भराव, सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो यांचा विसर पडणे शक्य नाही. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. पिके बुडाली, गुरे दगावली. पण १८७७ प्रमाणे माणसांचे मृत्यू घडले नाहीत. वेळेवर मिळालेले काम आणि हाती पडलेली मजुरी यांनी हे साधले.

या अनुभवातून महाराष्ट्र विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमी कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ स्त्रीपुरुषाने अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत ते देणे शासनावर बंधनकारक झाले. न दिल्यास निदान एक रुपया रोज बेकारी भत्ता देण्याची तरतूद झाली. रक्कम क्षुल्लक होती, तत्त्व क्षुल्लक नव्हते. अर्ज घेऊन आलेला मजूर आता याचक राहिला नव्हता. तो कायद्याने धनको झाला होता.

ऋणकोचे नाव

या कायद्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या निधीत आहे. १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला, तो प्रामुख्याने याच कामासाठी. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील असे सर्वच त्याच्या कक्षेत आले. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, बागायती जमिनी आणि शहरांतील बिगर निवासी इमारती यांवर जादा आकारणी झाली. या करांतून जमेल तितकीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असाही नियम ठरला.

मुंबईतील पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याच्या आणि गिरगावातील कारकुनाच्या खिशातून निघालेला पैसा माणदेशातील किंवा मराठवाड्यातील नालाबंडिंगवर राबणाऱ्या स्त्रीच्या पदरात पडू लागला. दोघांची ओळख नव्हती, दोघांत आभाराची देवघेव नव्हती. दान देणारा आपली इच्छा झाली की देतो आणि कोणास द्यावयाचे तेही ठरवितो. या व्यवस्थेत देणे नियमित झाले आणि घेणाऱ्याची मान ताठ राहिली. जगाच्या जाहीरनाम्यात हक्कदाराचे नाव होते. महाराष्ट्राच्या कायद्याने त्याच्या समोर ऋणकोचे नाव लिहिले.

हा कायदा निर्दोष होता, असे कोणी म्हणणार नाही. खोटी हजेरीपटे, अर्धवट राहिलेली कामे, आठवडेच्या आठवडे रखडणारी मजुरी यांनी त्याला ग्रासले. बेकारी भत्ता फार थोड्यांच्या हाती पडला. करातून जमलेला निधी पूर्णपणे या कामी लागत नाही, ही टीकाही वारंवार झाली. मजुरीच्या मापाचा जुना वादही संपला नव्हता. राजस्थानातील एका प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे सक्तीची मजुरी होय, असा निर्णय दिला. १८७७ साली मजुरांनी जे मागितले होते, त्याला न्यायालयाची मान्यता मिळण्यास एक शतकाहून अधिक काळ लोटला.

देश आणि जग

महाराष्ट्राचा हा धडा संसदेने गिरविला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी त्याने दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. त्यावेळीही खर्चात केंद्राचा वाटा किती आणि राज्यांचा किती, यावर मोठी चर्चा झाली. हक्काची खरी परीक्षा त्याच्या हिशेबाच्या वहीत होते, याचे हे ताजे उदाहरण होय.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात मात्र ही वही अद्याप कोरीच आहे. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी फ्रान्समधील धर्मगुरू जोसेफ व्रेसिन्स्की यांनी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात, जेथे १९४८ चा जाहीरनामा स्वीकारला गेला त्याच परिसरात, एक शिळा बसविली. दारिद्र्यात जगावे लागणे हा मानवी हक्कांचा भंग आहे आणि त्याविरुद्ध एकत्र येणे हे सर्वांचे कर्तव्य आहे, हा तिचा आशय. व्रेसिन्स्की स्वतः दारिद्र्यात वाढले होते. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली १७ ऑक्टोबर हा दिवस दारिद्र्य निर्मूलनासाठी जाहीर केला.

धनाढ्य राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.७ इतका हिस्सा गरीब देशांच्या विकासासाठी द्यावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९७० सालीच केला होता. अर्धशतक उलटले, मोजक्या राष्ट्रांनीच ते वचन पाळले आणि इतरांना त्याचा जाब विचारणारा कोणताही कायदा नाही. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये दिवसाला तीन डॉलर अशी दारिद्र्यरेषा निश्चित केली. त्या रेषेखाली जगातील सुमारे ८० कोटी माणसे जगत आहेत. त्यांचा हक्क सर्वांना मान्य आहे. त्या हक्कापोटी कोणी किती द्यावयाचे, हे मात्र प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. दुष्काळात जगडूशाहाची वाट पाहणाऱ्या प्रजेपेक्षा त्यांची स्थिती फारशी निराळी म्हणता येणार नाही.

दानधर्माची थोरवी या इतिहासाने कमी होत नाही. कायद्याचे यंत्र जेथे पोचत नाही, तेथे आजही धर्मादाय संस्थाच पोचतात. परंतु दानशूर समाजावर एक अधिक जबाबदारी येते. आपल्या वाट्याचा कर चोख भरणे, तो योग्य कामी लागतो की नाही याचा जाब विचारणे आणि गावातील मजुराची मजुरी वेळेवर मिळावी म्हणून त्याच्या बाजूने उभे राहणे, हाही दातृत्वाचाच भाग आहे. वेतनपत्रकावर किंवा पेढीच्या खातेवहीत ‘व्यवसाय कर’ म्हणून पडणारी छोटीशी नोंद अनेकांना जाचक वाटते. ती महाराष्ट्रात का सुरू झाली, हे नव्या पिढीला सांगितले गेले पाहिजे. अनोळखी माणसाच्या भुकेचे ऋण आपल्या नावे लिहून घेण्याचे धैर्य या राज्यातील समाजाने एकदा दाखविले होते, आणि त्यात व्यापारी, नोकरदार व शेतकरी असे सारेच सहभागी होते, ही गोष्ट विस्मरणात जाऊ नये.