भोंगा रस्ता मागतो

आमच्या लहानपणी पिंपरीत दोन भोंगे ऐकू यायचे. एक कारखान्याचा. तो झाला की घरोघरी डबे भरायची घाई उडायची. दुसरा अँब्युलन्सचा. तो ऐकला की अम्मी हातातलं काम टाकून दाराशी यायची, कारण त्या गाडीच्या स्टिअरिंगवर आमचे अब्बा असायचे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. साठच्या दशकात एमआयडीसी आली आणि माळावर शेडमागून शेड उभी राहिली. रोजगार आला, तसे प्रेसखाली तुटणारे हात आणि भट्टीपाशी भाजणारे पायही आले. म्हणून मोठ्या कंपन्या स्वतःची अँब्युलन्स ठेवीत. अब्बांची गाडी मॅटाडोर होती, जवळच आकुर्डीला बजाज टेंपोच्या कारखान्यात बनलेली. आत एक स्ट्रेचर, एक बाक आणि ऑक्सिजनचा सिलिंडर. बस्स.

अब्बांची एक सवय होती. भोंगा चालू असला तरी चौक आला की पाय ब्रेकवर. दोन्हीकडे बघून मगच पुढे जायचे. नव्या ड्रायव्हरला सांगायचे, "बेटा, भोंगा रस्ता मांगता है, छीनता नहीं." मला तेव्हा वाटायचं, अब्बा जरा भित्रेच आहेत.

१९९८ साली मला त्याचं उत्तर मिळालं. फूफीचा, म्हणजे आत्याचा मुलगा चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. पायावर डाय पडून त्याच्या नडगीचं हाड मोडलं. रक्त फारसं गेलं नव्हतं. तो शुद्धीवर होता, बोलत होता. भाड्याची अँब्युलन्स मिळाली. मी पुढे बसलो, फूफी मागे बाकावर, मुलाच्या उशाशी. ड्रायव्हर पोरगेलाच होता. मीच त्याला म्हणालो, "जरा हाण." मोशी मागे पडली. भोसरीच्या अलीकडे एका चौकात लाल दिवा होता. आमचा भोंगा वाजत होता, म्हणून आम्ही थांबलो नाही. डावीकडून येणाऱ्या टेंपोवाल्याला तो ऐकूच आला नसावा.

मुलगा तीन महिन्यांत चालायला लागला. सिलिंडरवर आदळलेल्या फूफीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती शेवटपर्यंत काठी घेऊन चालली आणि खुर्चीवर बसून नमाज पढली. तिने मला कधी बोल लावला नाही. अब्बांनी मात्र एकच विचारलं, "घाई किसको थी?"

या प्रश्नाने मला या गाडीच्या इतिहासाकडे नेलं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद डॉमिनिक-जाँ लारे याने १७९० च्या दशकात जखमींसाठी घोडागाड्या तयार केल्या. त्यांना 'उडत्या अँब्युलन्स' म्हणत. त्याआधी लढाई संपेपर्यंत जखमी जागेवरच पडून राहत. लारेची गाडी हलकी आणि वेगवान होतीच, पण तिला स्प्रिंगाही होत्या. जखमीला लवकर आणायचं, पण आणताना त्याला आणखी इजा होऊ द्यायची नाही, हे दोन्ही हेतू पहिल्यापासून बरोबर होते. पुढे मोटार आली, भोंगा आला, आणि दुसरा हेतू आपण विसरत गेलो.

वेगाने वाचतं तरी किती? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल शहरातली एक पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. दिवे आणि भोंगा लावून जाणारी अँब्युलन्स सरासरी ४३.५ सेकंद लवकर पोचत होती. म्हणजे पाऊण मिनिटही नाही. त्याच देशात १९९२ ते २०११ या काळात अँब्युलन्सचे वर्षाला सरासरी साडेचार हजार अपघात झाले आणि त्यांत वर्षाला सरासरी ३३ माणसं गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक दुसऱ्या वाहनांतली होती.

आपलाच हिशेब करू. चाकण ते पिंपरी साधारण वीस किलोमीटर. ताशी ६० च्या वेगाने वीस मिनिटं, ८० ने पंधरा. कागदावर वाचलेली ही पाच मिनिटं आंबेठाण चौकातल्या कोंडीतच संपतात. धडक बसली तर मात्र ८० च्या गाडीचा तडाखा ६० च्या पावणेदोनपट असतो.

आपल्या भागाने या कामाला पुष्कळ दिलं आहे. ड्रायव्हरांना शिकवणारी सीआयआरटी ही संस्था १९६७ पासून भोसरीत आहे. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तेव्हा तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला होतं. अँब्युलन्स कशी बांधावी याचं देशाचं मानक पुण्याच्या एआरएआय संस्थेतून निघालं आणि एप्रिल २०१८ पासून लागू झालं. स्ट्रेचर आणि सिलिंडर पक्के बसवलेले हवेत, मागे बसणाऱ्यांना पट्टे हवेत, हे आता नियमात आहे. फूफीच्या वेळी असा नियम नव्हता. पण पट्टा असून उपयोग नाही, तो बांधावा लागतो.

कायदाही स्पष्ट आहे. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तातडीच्या वेळी अँब्युलन्सला लाल दिवा ओलांडण्याची सवलत आहे, पण ती पुरेशी काळजी घेऊनच. म्हणजे अब्बांचंच म्हणणं.

दोन घटना सांगतो. जुलै २०२२ मध्ये कर्नाटकात उडुपी जिल्ह्यातल्या बैंदूरजवळ एक अँब्युलन्स टोलनाक्याकडे वेगाने आली. कर्मचारी अडथळे हटवायला धावले, तोच गाडी ओल्या रस्त्यावर घसरून उलटली. चार जण गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये एरंडोलहून जळगावला एका गरोदर बाईला नेत असताना ड्रायव्हरला इंजिनातून धूर दिसला. त्याने गाडी थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवून लांब नेलं. थोड्याच वेळात सिलिंडरचा स्फोट झाला. सगळे वाचले. त्या घाईतही गाडी थांबवायचं त्याला सुचलं, म्हणून.

तेव्हा श्रोतेहो, भोंगा ऐकलात की गाडी डावीकडे घ्या आणि थांबा. अँब्युलन्सच्या मागे गाडी लावून मोकळ्या रस्त्याचा फायदा उठवू नका. आत बसायची वेळ आलीच तर पट्टा बांधा. रुग्ण खरंच किती अत्यवस्थ आहे, हे डॉक्टरला विचारा. आणि ड्रायव्हरला "हाण" म्हणू नका. त्या दिवशी मी म्हणालो होतो. भाऊ बोलत होता, हसतही होता. घाई फक्त मला होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)