धुराडें झाडणारी मुलगी

मनांतील शल्य बोलून दाखविलें म्हणजे हलकें होतें, हें आमच्या आजीबाईंसही ठाऊक होतें. त्याची चिकित्सा कोणीं बनविली, असें विचारतांच मात्र आमचे विद्यार्थी फ्रॉईडचें नांव घेतात. फ्रॉईडनें १९०९ मध्यें अमेरिकेंतील व्याख्यानांत तें श्रेय ब्रॉयरला दिलें. आमच्या मतें तें रोग्याचेंच आहे.

१८८० सालीं व्हिएन्ना येथें बर्था पापेनहाइम ही एकवीस वर्षांची मुलगी पित्याची शुश्रूषा करतां करतां स्वतःच आजारी पडली. हातपाय लुळे पडले. पुढें पुढें तर जर्मन ही मातृभाषा विसरून ती केवळ इंग्रजी बोलूं लागली! डॉ. ब्रॉयर संध्याकाळीं येत, तेव्हां ती त्यांस गोष्ट सांगे. रुग्णशय्येपाशीं चिंतातुर बसलेली एक मुलगी, हीच बहुधा तिची नायिका. गोष्ट संपली कीं ती शांत होई. एखादी संध्याकाळ चुकली, तर दुसऱ्या दिवशीं दोन सांगाव्या लागत. ह्या प्रकारास 'बोलण्याचा उपचार' हें नांव तिनेंच इंग्रजींत दिलें; थट्टेनें ती त्यास 'धुराडें झाडणें' म्हणे.

१८९५ च्या ग्रंथांत ब्रॉयरनें तिला 'ॲना ओ.' ह्या नांवानें वर्णिलें, व ती पूर्ण बरी झाल्याचें लिहिलें. परंतु १८८२ च्या जुलैंत तिला क्रॉइट्सलिंगेनच्या आरोग्यधामांत ठेवावें लागलें होतें, ही हकीकत त्यानें गाळली. ते कागद एलेनबर्गरनें १९७२ मध्यें उजेडांत आणले. डॉक्टरांनींही गोष्टच रचली म्हणावयाची!

बर्थेनें पुढें बालकथा लिहिल्या, १९०४ मध्यें जर्मनींत यहुदी स्त्रियांचा संघ स्थापिला. त्या आजाराविषयीं मात्र, तिच्या स्नेह्यांच्या आठवणींप्रमाणें, ती कधींच बोलली नाहीं.