रमाईला देव्हाऱ्यात बसवू नका

दरवर्षी ७ फेब्रुवारी जवळ आला की जालना जिल्ह्यातल्या भीमनगरांत आणि बुद्धविहारांसमोर मंडप पडतात. बॅनरवर 'त्यागमूर्ती माता रमाई' असे लिहिलेले असते. भाषणेही ठरलेली असतात. रमाईने शेणी थापल्या, अर्धपोटी राहून संसार केला, बाबासाहेबांच्या शिक्षणात कधी अडथळा येऊ दिला नाही. शेवटी वक्ता समोर बसलेल्या बायकांना सांगतो, 'रमाईसारख्या व्हा.' माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. कारण हे वाक्य बोलणारा स्वतः काय व्हायचे ते कधीच सांगत नाही.

मित्रहो, आधी इतिहास नीट पाहू. रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावातला. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. आई रुक्मिणी लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना काका आणि मामा मुंबईला घेऊन आले. म्हणजे रमाई ही कोकणातून पोटासाठी मुंबईत आणलेली पोर होती. जातीने जमीन नाकारली, गावाने काम नाकारले, म्हणून लाखो अस्पृश्य कुटुंबे ज्या वाटेने गिरण्यांच्या आणि गोदीच्या शहरात आली, त्याच वाटेने ती आली. तिचे लग्नही भायखळ्याच्या बाजारात लागले. रात्री दुकाने बंद झाल्यावर तिथे वऱ्हाड बसले आणि सकाळी बाजार भरायच्या आत जागा रिकामी करावी लागली. नवरी नऊ-दहा वर्षांची होती.

पुढची वर्षे परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत गेली. १९१३ मध्ये सासरे सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला निघाले आणि १९१७ मध्ये परतले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते १९२३ पर्यंत. या काळात घर रमाईने आणि तिच्या जाऊबाईंनी कष्टाने चालवले. पाच लेकरांपैकी एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न गेले. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना जे पत्र लिहिले, ते वाचताना आजही घशात आवंढा येतो. तीन मुलगे आणि एक मुलगी मातीआड केलेल्या बापाचे ते पत्र आहे. त्या आईचे पत्र मात्र कुणी मागितले नाही.

रमाईची आणखी एक बाजू सांगताना आपले वक्ते चाचरतात. रमाई भाविक होती. नवऱ्याच्या जिवासाठी ती शनिवारचे उपवास करायची. पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यावे ही तिची मनापासूनची इच्छा होती. आपल्याला याची लाज वाटते, म्हणून हा भाग आपण घाईने उरकतो. लाज तिला नव्हे, त्या देवळाच्या बडव्यांना वाटायला हवी होती. ज्या चोखोबाचे अभंग अख्खा महाराष्ट्र गातो, त्याची समाधी देवळाच्या बाहेर पायरीशी आहे आणि अस्पृश्यांचे दर्शन तिथेच संपत होते. आजही पंढरीच्या दिंड्या जालन्याच्या रस्त्यांवरून जातात. त्या वाटेवरून आपल्या आज्या-पणज्याही भक्तिभावाने चालल्या. शेवटी त्यांना काय मिळाले? लांबून कळस पाहणे.

बाबासाहेबांनी रमाईला पंढरपूरला नेले नाही. तिच्या भक्तीची त्यांनी टिंगलही केली नाही आणि तिचे उपवासही बंद पाडले नाहीत. भक्ताला देवापासून लांब उभे करणारी पंढरी काय कामाची, आपण आपल्या सेवेने आणि निर्मळ जगण्याने दुसरी पंढरी उभारू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. काही जण विचारतात, हेच बाबासाहेब २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह करत होते ना, मग बायकोला पंढरपूरला नेण्यात अडचण कसली? फरक साधा आहे. नाशिकला हजारो माणसे आपला हक्क मागायला उभी होती. पंढरपूरला रमाई एकटी जाऊन पायरीशी उभी राहिली असती तर तो हक्क नव्हता, ती याचना होती. जी अवहेलना समाजाने झुगारावी म्हणून ते लढत होते, तिच्या पुढ्यात त्यांनी बायकोला उभे केले नाही.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. २७ मे १९३५ ला राजगृहात रमाईने शेवटचा श्वास घेतला. १३ ऑक्टोबर १९३५ ला, पाच महिनेही पुरते झाले नव्हते, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पंढरपूरचे देऊळ उघडले ते १९४७ मध्ये, तेही साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले तेव्हा. म्हणजे रमाईला जाऊन बारा वर्षे झाल्यावर. आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा ऐकायला ती नव्हतीच. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या आईने चतुर्थी धरली की तिच्यावर खेकसणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे, प्रतिज्ञा पाळा आणि पाळायला सांगा, पण आईशी वाद घालताना बाबासाहेबांची रीत धरा. त्यांनी रमाईला कमी लेखले नाही. तिला त्याहून मोठे स्वप्न दिले.

आता त्यागाबद्दल. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. ती अर्पणपत्रिका जरा थांबून वाचा. तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल ते लिहितात. मित्र नसलेल्या, ओढाताणीच्या त्या दिवसांत तिने आपल्यासोबत सोसायची तयारी दाखवली, असे ते लिहितात. 'माझ्यासाठी' नव्हे, 'माझ्यासोबत'. शिवाय ते दिवस मित्र नसलेले होते, हे ते विसरत नाहीत. म्हणजे रमाईला एवढे सोसावे लागले ते पाठीशी संघटना नव्हती, पैसा नव्हता, हाक मारायला माणूस नव्हता म्हणून. तिचे हाल हा आदर्श नाही, ती त्या काळाची जबरदस्ती होती. आज आपल्याकडे संघटना आहेत, नोकरदार वर्ग आहे, वसतिगृहे आहेत, पक्ष तर मोजता येत नाहीत इतके आहेत. मग 'रमाईसारख्या व्हा' याचा अर्थ काय? आमच्या चळवळीचा खर्च तुम्ही तुमच्या पोटातून काढा, असाच ना?

आपल्या जिल्ह्यातच बघा. मंठा, परतूर, घनसावंगीच्या वस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. म्हणजे कागदावर बाई अर्धा कोयता असते. उचल मुकादमाकडून बहुतेक नवऱ्याच्या नावावर उचलली जाते, फिटेपर्यंत राबते मात्र दोघांची कंबर. आजारपणात, बाळंतपणात काम चुकले तर खाडा पडतो. पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या या बाया मार्च-एप्रिलपर्यंत गावी परतत नाहीत. याचा अर्थ ७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, जिचे आयुष्य रमाईच्या सगळ्यात जवळचे आहे तीच मंडपात नसते. ती फडात असते, आणि अनेकदा तिचे लेकरूही शाळा सोडून तिच्याबरोबर कोपीत असते. आपण मात्र तिच्या रिकाम्या जागेसमोर त्यागावर भाषण देतो.

मुंबईतही हेच घडले. घाटकोपरच्या रमाबाई नगरात गाव सोडून आलेली माणसे राहत होती. ११ जुलै १९९७ ला पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करताना तिथली दहा माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. जिचे नाव वस्तीला दिले तिच्यासारखीच ती पोट हातात घेऊन शहरात आलेली माणसे होती.

तेव्हा यंदा मंडप घालण्याआधी काही कामे करू. वस्तीतून तोडीला गेलेल्या बायकांची यादी करा. उचल कुणाच्या नावावर आहे, किती आहे, ते लिहून ठेवा. मागे राहिलेल्या पोरांसाठी वसतिगृहाचा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात लावून धरा. जयंतीच्या वर्गणीतला निम्मा भाग त्या पोरांच्या वह्या-पुस्तकांवर खर्च करा. आणि बायका फडातून परतल्या की एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या आठवड्यात, रमाईची सभा पुन्हा घ्या. त्या दिवशी माईक त्यांच्या हातात द्या. पुरुष कार्यकर्त्यांनी त्या वेळी चुलीपाशी बसावे.

रमाईला सांगितलेली दुसरी पंढरी अजून बांधायची आहे, आणि या वेळी विटा वाहायच्या आहेत त्या आपण पुरुषांनी.

जय भीम!