घोड्याच्या नाकातला पाहुणा

2000 साली कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये, ऑन्टारिओ व्हेटरनरी कॉलेजच्या रुग्णालयात, उपचारासाठी आलेल्या दोन घोड्यांमध्ये एमआरएसएचा संसर्ग सापडला. फक्त दोन केसेस. औषध बदलून फाइल बंद करता आली असती. पण तिथल्या डॉक्टरांना प्रश्न पडला: जे घोडे ठणठणीत दिसताहेत, त्यांच्या नाकात काय आहे? आणि त्याहून अवघड प्रश्न: आपल्या नाकात काय आहे?

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आपल्याला नवा नाही. साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो निवांत राहतो आणि काही करत नाही. जखम झाली, ऑपरेशन झालं, की मात्र आत शिरतो. पेनिसिलीन आल्यावर काही वर्षांतच ते तोडणारं एन्झाइम असलेले स्टॅफ पसरले. त्यावर उतारा म्हणून 1959 मध्ये मेथिसिलीन आलं. 1961 मध्ये ब्रिटनमधल्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलीनलाही दाद न देणारे नमुने नोंदवले. हाच एमआरएसए. या कुळातली औषधं जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून त्यांचं काम थांबवतात. एमआरएसएकडे एक जास्तीचं प्रथिन असतं, ज्याला ही औषधं धड चिकटतच नाहीत. भिंतीचं बांधकाम चालूच राहतं.

पुढची बरीच वर्षं एमआरएसए हा माणसांच्या हॉस्पिटलांचा प्रश्न मानला गेला. 1972 मध्ये बेल्जियममधल्या गायींमध्ये तो सापडल्याची नोंद झाली, पण तबेल्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

खरं तर पाहायला हवं होतं. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. लगाम घालताना, औषध पाजताना, नुसतं थोपटतानाही आपला हात त्याच्या नाकापाशी जातो. घोडा फुरफुरतो, हाताला ओल लागते. तोच हात नकळत आपलं नाक खाजवतो आणि मग पुढच्या घोड्याकडे जातो. रुग्णालयात तर जिवाणूची चंगळच असते. पोटशूळाची मोठी ऑपरेशनं, उघड्या जखमा, शिरेत घातलेल्या सुया आणि त्यात अँटिबायोटिक्सचा मारा. औषधाने साधे जिवाणू मरतात, न मरणाऱ्यांना जागा मोकळी होते.

ग्वेल्फच्या गटाने ऑक्टोबर 2000 ते नोव्हेंबर 2002 या काळात घोडे आणि त्यांच्यासोबत काम करणारी माणसं तपासली. 79 घोडे आणि 27 माणसांमध्ये एमआरएसए निघाला. त्यातले 27 घोडे रुग्णालयातले होते आणि 41 एकाच थरोब्रेड फार्मवरचे. माणसांपैकी 17 जण रुग्णालयातले होते.

पण मला थांबवलं ते दुसऱ्या आकड्यांनी. या 79 घोड्यांपैकी प्रत्यक्ष संसर्ग झालेले होते 13, आणि 27 माणसांपैकी फक्त 1. बाकी सगळे निरोगी. खात होते, धावत होते, कामावर येत होते आणि सोबत जिवाणू वाहत होते.

माझं काम सॉफ्टवेअरचं. सर्व्हर कोसळला की सगळे धावतात, कारण अलार्म वाजतो. महागात पडतो तो एकही एरर न देता महिनोन्महिने चुकीचा डेटा पुढे पाठवणारा बग. तो शोधायचा तर सगळं सुरळीत दिसत असतानाच लॉग उघडून बसावं लागतं. ग्वेल्फच्या डॉक्टरांनी नाकात स्वॅब घालून तेच केलं.

जिवाणू कुठून आला असावा, याचाही माग लागला. घोड्यांमधले आणि माणसांमधले बहुतेक सगळे नमुने एकाच वाणाचे होते. हा वाण कॅनडात आधीपासून माणसांमध्ये माहीत होता, पण तिथे तो फारसा पसरलेला नव्हता. म्हणजे बहुधा माणसानेच तो कधीतरी घोड्याला दिला, तो घोड्यांमध्ये रुजला आणि परत माणसांकडे आला. घोड्याला दोष देऊन सुटका नव्हती.

मग उपाय? नवं औषध नव्हतंच. दोन फार्मवर करून पाहिलं ते इतकंच: सगळे घोडे पुन्हा पुन्हा तपासायचे, वाहक वेगळे ठेवायचे, हात धुवायचे, एकाची वस्तू दुसऱ्याला वापरायची नाही. नव्याने लागण थांबली, तेव्हा बहुतेक घोड्यांच्या नाकातला एमआरएसए औषधाशिवाय आपोआप गेला.

सगळीकडे इतक्या स्वस्तात भागलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या प्रसिद्ध रुग्णालयात अनेक औषधांना न जुमानणारा साल्मोनेला घुसला. 61 जनावरांना लागण झाली, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त दगावली. 2004 मध्ये रुग्णालय बंद ठेवून निर्जंतुक करावं लागलं. नुकसान 40 लाख डॉलरच्या वर गेलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 38 पशुवैद्यकीय शिक्षण-रुग्णालयांपैकी 31 रुग्णालयांनी आधीच्या 5 वर्षांत आपल्याकडे अशी साथ आल्याचं कबूल केलं.

कबूल करणं सोपं नसतं. रुग्णालयाचं नाव खराब होतं, महागडे घोडे घेऊन येणारे मालक दुसरीकडे जातात. शोधलंच नाही, तर काही सापडत नाही आणि अहवाल कोरा राहतो. या सगळ्या गोष्टी आज आपल्याला कळतात, कारण त्या त्या रुग्णालयातल्या माणसांनी स्वतःचेच आकडे छापले.

कोविडच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी नाकात तो स्वॅब सहन केला आहे. काही त्रास होत नसताना रिपोर्टची वाट पाहणं कसं असतं, तेही आपल्याला माहीत आहे. ग्वेल्फमध्ये त्या वेळी कुठलीही महासाथ नव्हती. होते फक्त दोन आजारी घोडे. तरी डॉक्टर, विद्यार्थी आणि तबेल्यात काम करणाऱ्यांनी आपली नाकं पुढे केली.